आराम पडलो काय?

परवा मुलुंडच्या मार्केटात तेरड्याच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या दिसल्या आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. छातीत काही झालं नव्हतं. गेलं वर्षभर तिथला कारभार अगदी शिस्तीत चालू आहे. तरी हात गेलाच. कोथिंबीर विकणाऱ्या बाईने विचारलंसुद्धा, "काय ओ ताई, बरं नाय वाटत का?" मी घाईघाईने हात खाली घेतला आणि तेरडा न घेताच पुढे सटकले. चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं मला. तशी चोरीच होती ती, फक्त गेल्या वर्षीची.

तेरडा म्हणजे आमच्याकडची गौर. आमच्याकडे मुखवट्यांची गौर नसते. सासूबाईंच्या गावची, मालवणकडची रीत अशी की रानातला तेरडा मुळासकट आणायचा, त्यालाच साडी नेसवायची, त्यालाच हळदीकुंकू लावायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आलं होतं. झाडाला कसली साडी नेसवता? आता इतक्या वर्षांनी उलट झालंय. मुखवट्यांच्या गौरी बघितल्या की मला त्या कुणाच्या तरी घरच्या वाटतात, आणि ओल्या मातीचा वास येणारी ती गुलाबी फुलांची जुडी दिसली की वाटतं, आली बाई माहेरवाशीण. गेल्या वर्षी मात्र ती आली तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर पडून होते. ठणठणीत बरी होऊन पडून होते.

सुरुवातीला मी खरोखरच आजारी होते, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या. माझं हृदय मधूनच सुटायचं. शिलाई मशीनचा पट्टा निसटला की चाक नुसतंच गरगरतं ना, तसं. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. काउंटरवर पुस्तकाला शिक्का मारताना एकदम छातीत धडधड सुरू व्हायची, आणि जशी सुरू झाली तशीच खट्‌कन थांबायची. मराठीत या धडधडीचं एक वाईट आहे. परीक्षेच्या आधी होते तीही धडधड, नवरा वेळेवर घरी आला नाही की होते तीही धडधड. त्यामुळे मी सांगितलं की छातीत धडधडतंय, की समोरचा विचारणार, "कसली एवढी काळजी करतेस गं?" शेवटी एकदा काउंटरवरच डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कुठे मशीनवर ईसीजीची पट्टी काढली गेली आणि डॉक्टर म्हणाले, "हृदय मजबूत आहे. वायरिंगमध्ये गडबड आहे. एक जास्तीची वायर आहे."

घरी येऊन माझ्या नवऱ्याने, अजितने, ते सासूबाईंना, आईंना, समजावून सांगितलं. आईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वायरिंगचो प्रॉब्लेम? मगे वायरमनाक दाखवा. डॉक्टर कित्याक व्हयो?"

तर त्या डॉक्टर-वायरमनने जांघेतल्या शिरेतून बारीक तारा थेट हृदयापर्यंत नेल्या, ती जास्तीची वाट शोधली आणि जाळून टाकली. मी जागी होते. ते लोक मुद्दाम धडधड सुरू करायचे, बघायचे, पुन्हा थांबवायचे. माझ्याच हृदयाचं बटण दुसऱ्याच्या हातात. मग संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवून पडायचं, गुडघा वाकवायचा नाही. जांघेत हे एवढं काळंनिळं झालं होतं. घरी सोडताना सूचना दिल्या: वजन उचलू नका, उकिडवं बसू नका, जिने शक्यतो नकोत, आठवडाभर आराम करा, मग दाखवायला या. दिवस श्रावणाचे, शेवटचे. गणपती तोंडावर आलेले.

आईंनी त्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, चालताना एक हात कायम भिंतीला. सासरे गिरणीत होते तेव्हापासून, परळच्या चाळीत दहा माणसांचं केलेलं; त्यांना काम सांगावं लागत नाही. सकाळी त्या चहा घेऊन माझ्या खोलीत यायच्या, पलंगाच्या कडेला टेकायच्या आणि विचारायच्या, "आराम पडलो काय गे?"

त्या चहाबद्दल मला वेगळं सांगायला हवं. तो गरम असायचा! बायकांनो, तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय. पंचवीस वर्षांत मी माझा चहा गरम प्यायले नव्हते. डबे, पाणी, कचरेवाला, आमच्या लेकीची, मुक्ताची हरवलेली ओढणी, हे सगळं आवरून कपाकडे यावं तर वर साय धरलेली. आणि इथे मी उशीला टेकून, हातात वाफाळता कप, कपभर चहा संपेपर्यंत मला कोणी हाक मारत नाही. पहिल्या दिवशी मला चक्क रडू आलं. आईंना वाटलं दुखतंय. "पडान रव, पडान रव," म्हणून त्यांनी माझ्या पायावर चादर घातली.

आता हा आराम शब्द बघा. डॉक्टरांचा आराम करायचा असतो. आईंचा आराम पडतो. केलेला आराम कधी संपला ते डॉक्टर सांगतात, पण पडलेला आराम ज्याचा त्यालाच कळतो, दुसऱ्याला तो मोजता येत नाही. या दोन आरामांच्या मधे जी फट होती ना, तिथे मी ऐसपैस जाऊन बसले.

आठवड्याने दाखवायला गेलो तेव्हा अजित खाली औषधं आणायला थांबला होता. केबिनमध्ये मी एकटीच. डॉक्टरांनी पट्टी बघितली, जांघ बघितली, हसून म्हणाले, "झकास आहे सगळं. आता नेहमीसारखं सगळं करा. गणपती आहेत ना घरी? खुशाल मोदक करा." मी बाहेर आले. अजित धावत आला, चेहरा एवढासा झालेला. "काय म्हणाले?"

आणि मी म्हणाले, "सांभाळून राहा म्हणाले."

एवढंच. मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं. अजितने माझ्या हातातली पर्ससुद्धा काढून घेतली, रिक्षात हळूच बसवलं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, खड्डे बघून. पेशंट आहे." वाट लागली, मी मनात म्हटलं, आता मागे फिरता येणार नाही. पण मागे फिरायचंच नव्हतं, हे खरं.

मग सुरू झाले ते दिवस. मला अजून ते आठवले की आधी गोड वाटतं आणि मग लगेच घशाशी येतं. दुपारी ऊन-पावसाचा खेळ चाललेला, खिडकीच्या जाळीवर थेंब, खाली मंडपवाल्यांची ठोकाठोक, आणि मी पोटावर कादंबरी उपडी ठेवून पडलेली. लायब्ररीत जन्म काढला, पण हजारो पुस्तकं दुसऱ्यांना दिली, स्वतः वाचली किती? स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज यायचा. आपण न दिलेल्या फोडणीचा आवाज किती छान असतो, हे मला पन्नाशीत कळलं. अजितला हिंगाची डबी कुठे असते ते कळलं. मुक्ता स्वतःचे कपडे स्वतः वाळत घालायला लागली. सगळं माझ्यावाचून चाललं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. छे! मला मजा वाटत होती.

खोटं बोलायला मला जमत नाही असा माझा समज होता. बोलावं लागतच नव्हतं. दारात कोणी आलं की हात आपोआप छातीवर जायचा. बस्स. मुक्ताने माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं होतं, नाडीचे ठोके दाखवणारं. ते मेलं दिवसभर खरं बोलायचं. बहात्तर, सत्तर, बहात्तर. मी त्याच्यावर बाही ओढून घेतली आणि एक दिवस चार्जिंग संपलं म्हणून काढूनच ठेवलं. त्या घरात माझी खबर ठेवणारा आणखी एक होता, तो म्हणजे पलंग. जुना सागवानी, कुशीवर वळलं की असा कुरकुरतो की स्वयंपाकघरात कळतं. दुपारी आई आतून ओरडायच्या, "जागा झालंस काय गे? चाय ठेवू?"

आणि रोज सकाळी तो प्रश्न. "आराम पडलो काय?"

"अजून नाही, आई."

"पडतलो. घाई काय हा?"

मला लाज वाटायची. खोटं नाही सांगत, प्रत्येक वेळी वाटायची. रोज ठरवायचे, उद्या सांगते, पडला म्हणून. मग उद्या यायचा, आणि त्याच्याबरोबर गरम चहा यायचा.

गणपती आले. येणारा माणूस आधी गणपतीचं दर्शन घ्यायचा आणि मग आत येऊन माझं. गणपतीला दूर्वा, मला शहाळं. "किती गं सोसलंस," असं म्हणत बायका माझ्या पायांशी बसायच्या. एक-दोघी तर निघताना वाकल्यासुद्धा, मी मोठी म्हणून. मी पाय आखडून घेतले. बाहेर आई मोदकांची उकड मळत होत्या. ती मळायला अंगात जोर लागतो, गरम असतानाच मळावी लागते. दरवर्षी ते काम माझं. मी आत ऐकत होते, परातीचा ताल चुकत होता, मधे थांबत होता. थांबला की मला कळायचं, आता त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या आहेत.

गौरीच्या दिवशी दुपारी घरात मी आणि आई दोघीच होतो. अजित आणि मुक्ता केळीची पानं आणायला गेले होते. आई ओट्याशी उभ्या राहून वडे तळत होत्या. मी वाचत होते. आधी झारा पडल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड, मऊ पडल्याचा. नंतर काहीच नाही. हाक नाही, कण्हणं नाही. फक्त कढईतलं तेल वाजत होतं.

मी पटकन कुशीवर वळले. पलंग कुरकुरला. आणि मी थांबले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी घाबरून थांबले नव्हते. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: आता मी उठले, तर माझा आराम संपला. असा विचार माणसाला येतो? मला आला. किती वेळ गेला असेल, फार नाही. कुकरची एक शिट्टी होऊन वाफ बसते तेवढा. तेवढा वेळ मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले आणि वाट पाहिली की त्या आपल्या आपण उठतील. इतकी वर्षं उठतच आल्या होत्या ना.

मग धावले. अशी धावले की दाराच्या चौकटीला खांदा आपटला. आई ओट्याला पाठ लावून खाली बसल्या होत्या, एक पाय वाकडा, हाताला पीठ, चेहरा पांढराफटक. मी गॅस बंद केला, त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. अख्खं माणूस उचललं. वजन उचलू नका म्हणाले होते ना? छातीत ठोकासुद्धा चुकला नाही. आईंचं तोंड माझ्या गळ्याशी होतं, त्यांचा कान माझ्या छातीला लागला होता. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय नाय, काय नाय. पाय जरा वळलो," त्या म्हणाल्या. "तू कित्याक उठलंस? जा, पड."

मी गेले नाही. वडे मी तळले. गौरीचा नैवेद्य मी दाखवला. केळीची पानं घेऊन अजित आला तेव्हा मी सांगून टाकलं, "मला आराम पडलाय." त्याला केवढा आनंद झाला. त्याने मुक्ताला मिठी मारली, गौरीला हात जोडले. त्या आनंदासमोर उभं राहणं ही एक शिक्षाच होती.

त्या दिवसापासून आईंचा उजवा गुडघा धड राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघा काल-परवाचा नाही, वर्षानुवर्षं झिजत आलाय, कधी ना कधी हे होणारच होतं. हे वाक्य मी पाठ केलंय. रात्री-बेरात्री स्वतःला म्हणून दाखवते. पण आई वर्षभर घरातून लंगडत फिरल्या आणि प्रत्येक पावलाला मला वाटत राहिलं की यातलं थोडं लंगडणं माझं आहे. या आषाढात शेवटी गुडघा बदलला. आता त्या पलंगावर आहेत, त्याच पलंगावर, कारण आमच्या घरात तोच एक उंच आहे. आणि सकाळचा चहा मी नेते. गरम असतानाच नेते.

मार्केटातून परवा तेरडा न घेता आले तो दिवस मला फार जड गेला. दुपारी चहा केला आणि ठरवलं, आज सांगायचंच. या बाईने माझ्या खोटेपणापायी गुडघा घालवला आणि वर ती सगळ्यांना सांगते, सून माझी लेकीसारखी करते. हे गिळून मी अजून किती गौरी जेवू घालणार?

"आई," मी कप त्यांच्या हातात देत म्हटलं, "गेल्या वर्षी मी... मला ना, बरं वाटलं होतं. आधीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं कर म्हणून. मी तुम्हाला—"

"चाय थंड होता," त्या म्हणाल्या. बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "माका काय डोळे नाय हत? आजारी माणूस कादंबरी वाचून हसता काय?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"मीय एकदा खोटाच पडलेलंय," आई म्हणाल्या. "चाळीत असताना. पोटात दुखता म्हणान गोधडी घेतलंय तोंडावर. माझ्या सासून काय केल्यान म्हायत? गोधडी ओढल्यान आणि हातात बालदी दिल्यान. म्हणता, नळार जा, पोट आपसूक बरा होतला." त्यांना हसू आलं, चहा सांडला. "तेवाच ठरवलंय. माजी सून पडली तर पडांदे."

मीही हसले. रडत होते, पण हसले. आणि इथे थांबले असते तर चाललं असतं. माफी मिळाली होती. पण जे मिळालं ते पलंगावर पडून वाचण्याबद्दल होतं. ती दुसरी गोष्ट, कुकरच्या शिट्टीएवढी, ती त्यांना माहीतच नव्हती, आणि ती न सांगता ही माफी घेणं म्हणजे पुन्हा एकदा छातीवर हात ठेवणं होतं.

"आई, तुम्ही पडलात ना, तेव्हा मी जागी होते. आवाज ऐकला मी. आणि लगेच नाही आले."

आईंनी बशी खाली ठेवली. खिडकीबाहेर मंडपाचे बांबू उभे करत होते, तिकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं. आता काहीतरी बोलतील ते मला जन्मभर पुरेल.

"ठावक हा माका," त्या म्हणाल्या. "खाट वाजली मां. तेवाच कळला, तुका आयकाक गेला म्हणान. मगे मी तुझी पावलां आयकत बसलंय."

मी विचारलं, "हाक का नाही मारलीत?"

"हाक मारल्यार तुका उठाचाच लागला असता." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "इलंस मां आपणहून. मगे?"

त्यांनी बशी पुन्हा उचलली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मी तिथेच त्यांच्या पायांशी बसून राहिले. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही. त्या जमिनीवर बसून माझ्या पावलांची वाट बघत होत्या, हे आता मला कळलं होतं, आणि हे कळणं काही कुठे जाणार नाही. ते आता माझ्याजवळ राहणार. राहू दे. कुणाजवळ तरी राहायलाच हवं.

तेवढ्यात फोन वाजला. दहिसरहून माझी जाऊ, वैशाली. कालच्या तपासणीत डॉक्टरांनी आईंना ओट्याशी थोडं उभं राहायला परवानगी दिली होती, ती बातमी कशी कोण जाणे तिच्यापर्यंत पोहोचली होती. माझे हात डोळे पुसून ओले झालेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"शुभाताई, आईंना पडला ना गं आराम? मग यंदा मोदक त्यांच्याच हातचे हां! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्यांचा हात सावकाश, अगदी सराईतपणे, उजव्या गुडघ्यावर जाऊन बसला.

"नाही गं, वैशाली," मी म्हणाले. "अजून नाही पडला. सांभाळून राहा म्हणालेत डॉक्टर."